टाउबर नदीच्या काठाने सायकलवर: रोटेनबुर्ग ते वेर्टहाइम

जर्मनीत नदीकाठचे सायकलमार्ग पुष्कळ आहेत. एल्बे, डॅन्यूब, मोझेल ही त्यांतली मोठी नावे, आणि त्यांच्यापुढे टाउबर ही फारच छोटी नदी. काही ठिकाणी तर ती ओढ्याएवढीच दिसते. तरीही जर्मन ग्रामीण भाग सायकलवरून सावकाश पाहायचा असेल आणि सायकलप्रवासाची पूर्वसवय नसेल, तर मी विचारणाऱ्याला हाच मार्ग सुचवतो. बायर्न राज्यातल्या रोटेनबुर्गपासून मुख्यत्वे बाडेन-व्युर्टेमबेर्गमधून जात, टाउबर जिथे माइन नदीला मिळते त्या वेर्टहाइमपर्यंत तो जातो. लांबी सुमारे १०० किलोमीटर. एडीएफसी या जर्मन सायकलस्वारांच्या संघटनेने त्याला पाच तारे, म्हणजे सर्वोच्च दर्जा, दिलेला आहे. तारे मिळतात ते रस्त्याचा पृष्ठभाग, दिशाफलक, वाहनांपासूनचे अंतर आणि मुक्कामाच्या सोयी यांसारख्या गोष्टींवर, आणि या चारही बाबतींत मला तो दर्जा योग्य वाटला. मात्र या मार्गाचे खरे मोल या चार गोष्टींत नाही, आणि घाईने जाणाऱ्याला ते हाती लागतही नाही.

तंदुरुस्त माणूस १०० किलोमीटर दोन दिवसांत सहज पार करतो, आणि बहुतेक तयार सहलींची आखणी तशीच, फार तर तीन दिवसांची असते. माझ्या मते चार दिवस हे किमान. या खोऱ्यातली उत्तमोत्तम शिल्पे आणि चित्रे मोठ्या संग्रहालयांत नाहीत. ती मुख्य वाटेपासून थोडी बाजूला असलेल्या खेड्यांतल्या चर्चमध्ये, ज्या जागेसाठी घडवली त्याच जागी अजून उभी आहेत. तिथे वळायचे, सायकल लावायची, उघडण्याची वेळ झाली नसेल तर थांबायचे, एवढी सवड ठेवली नाही तर उरतो तो केवळ व्यायाम.

रोटेनबुर्गविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तटबंदी, लाकडी चौकटींची घरे आणि दिवसभर उतरणारे बसभर पर्यटक ही त्याची ओळख सर्वांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. ३१ मार्च १९४५ रोजी झालेल्या बाँबहल्ल्यात जुन्या शहराचा मोठा भाग नष्ट झाला होता, आणि आज जे मध्ययुगीन म्हणून दिसते त्यातले बरेचसे नंतर जगभरच्या देणग्यांतून पुन्हा बांधलेले आहे. तटाच्या भिंतीत त्या देणगीदारांच्या नावांचे दगड वाचता येतात. आदल्या दिवशी पोहोचून संध्याकाळी, बसगाड्या गेल्यावर शहर पाहावे, सेंट याकोब चर्चमधली शिल्पकार तिलमान रीमेनश्नायडरने घडवलेली ‘पवित्र रक्ता’ची वेदी (चर्चमधल्या पूजास्थानामागची कोरीव लाकडी मांडणी) पाहावी आणि सकाळी नदीकडे उतरावे. शहर टेकडीवर असल्याने सुरुवातीलाच तीव्र उतार आहे. हा प्रवास उलट दिशेने, वेर्टहाइमकडून, करणाऱ्यांच्या वाट्याला हीच चढण शेवटी, थकलेल्या पायांना येते. म्हणून दिशा निवडताना संकोच करू नये.

त्या उतारावरच एक सूचना द्यावीशी वाटते. जर्मनीत भाड्याने मिळणाऱ्या अनेक साध्या सायकलींना पेडल उलटे फिरवल्यावर लागणारा मागचा ब्रेक असतो. आपल्याकडे थांबताना पेडल सहज मागे फिरवून पाय सोयीच्या जागी आणण्याची सवय असते. इथे तसे केले की सायकल एकदम थांबते. सायकल घेतानाच विचारून घ्यावे आणि मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारून पाहाव्यात. विजेवर चालणाऱ्या सायकली ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंतच मदत करतात. या मार्गावर त्यांची आवश्यकता नाही, पण गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी त्या खुशाल घ्याव्यात.

रोटेनबुर्ग ते क्रेग्लिंगेन हा पहिला टप्पा मला सर्वांत आवडला. दरी अरुंद आहे, जुन्या पाणचक्क्या एकामागून एक येतात आणि वाट पूर्ण सपाट नाही. छोटे चढ आहेत, पण ते दमवणारे नाहीत. शहराच्या पायथ्याशीच डेटवांग हे खेडे लागते आणि तिथल्या छोट्या चर्चमध्येही रीमेनश्नायडरचे काम आहे. रोटेनबुर्गला येणाऱ्यांपैकी इथवर उतरणारे थोडेच. क्रेग्लिंगेनच्या बाहेर, शेतांमधल्या एका बाजूच्या दरीत, हेरगॉट्सकिर्श हे चर्च आहे. १३८४ मध्ये नांगरताना एका शेतकऱ्याला तिथे प्रसादाची पवित्र चकती सापडली, अशी आख्यायिका आहे, आणि त्या जागी हे चर्च उभे राहिले. आतली मेरीची वेदी रीमेनश्नायडरने सोळाव्या शतकाच्या प्रारंभी लिंडेनच्या लाकडात कोरली. तिच्यावर रंग नाही. त्यामुळे स्वर्गारोहण करणाऱ्या मेरीभोवती जमलेल्या शिष्यांचे चेहरे, त्यांच्या हातांच्या शिरा, वस्त्रांच्या घड्या हे सारे केवळ छिन्नी आणि प्रकाश यांच्या बळावर उभे राहते. धर्मसुधारणेनंतर हे चर्च प्रोटेस्टंट झाले, मेरीची पूजा संपली आणि वेदीची दारे लावून घेतली गेली; ती पुन्हा उघडली १८३२ मध्ये. एवढ्या दीर्घ काळच्या दुर्लक्षामुळेच ती इतकी सुरक्षित राहिली असावी. प्रवेशशुल्क आहे आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. आधी चौकशी करून दिवसाची आखणी तिच्याभोवती करावी. समोर शिवणकामाच्या अंगुस्तान्यांचे एक संग्रहालय आहे, ते वेळ असल्यास पाहावे. नसल्यास फार काही हुकत नाही.

क्रेग्लिंगेन गावातले ज्यू संग्रहालय मात्र चुकवू नये. नाझी सत्तेवर आल्यानंतर दोनच महिन्यांनी, २५ मार्च १९३३ रोजी, या छोट्या गावात ज्यू पुरुषांना मारहाण झाली आणि त्यात दोघांचा मृत्यू झाला. पुढच्या ऱ्योटिंगेन गावात सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या सूर्यतबकड्यांची पायवाट आहे आणि पर्यटक तिचे फोटो काढतात. १२९८ मधल्या ज्यूंच्या हत्याकांडांची सुरुवात याच गावातून झाली होती. या खोऱ्याच्या जाहिरातींत ‘रम्य’ हे विशेषण नेहमी येते आणि ते खोटे नाही, पण ऐतिहासिक गावे पाहायला आलो आहोत असे म्हणायचे तर इतिहास निवडून घेता येत नाही.

टाउबररेटर्सहाइमचा १७३३ चा दगडी पूल बाल्टाझार नॉयमान या ख्यातनाम वास्तुविशारदाचा आहे. पुलाजवळच्या द्राक्षमळ्यांच्या उतारांवर अजूनही दगडांच्या लांबच लांब राशी दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या मळ्यातले दगड वेचून शेतकऱ्यांनी त्या रचल्या. हे खोरे तीन वाइन-प्रदेशांत विभागलेले आहे: फ्रँकेन, व्युर्टेमबेर्ग आणि बाडेन. त्यामुळे एकाच दिवसात, पुढचे गाव लागले की वाइनच्या बाटलीवरचा प्रदेश बदलतो. टाउबरश्वार्त्स ही इथली जुनी स्थानिक लाल द्राक्षाची जात नामशेष होता होता वाचली. वाइन हलकी आहे. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, पण इथे आल्यावर ती चाखणे योग्य.

वाइकर्सहाइमचा किल्लेवजा राजवाडा आणि त्याची बरोक बाग यांसाठी अर्धा दिवस राखावा. तिथल्या भव्य दरबारात शिकारीची चित्रे असलेले छत आहे आणि भिंतींवर गिलाव्याचे उठावदार प्राणी आहेत. हरणांना खरीखुरी शिंगे लावली आहेत आणि त्यांच्यात एक हत्तीही आहे. तो घडवणाऱ्याने हत्ती प्रत्यक्ष पाहिला असेल असे त्याच्याकडे पाहून वाटत नाही, आणि हत्ती पाहत वाढलेल्या आपल्या लोकांना तो विशेष आवडतो. मार्गदर्शित फेरी बहुधा जर्मनमध्ये असते, पण छापील माहिती मागितल्यास मिळते.

बाड मेर्गेन्टहाइमचा राजवाडा १८०९ पर्यंत ट्युटॉनिक सरदारसंघाच्या, म्हणजे मध्ययुगात स्थापन झालेल्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाच्या, प्रमुखाचे पीठ होता. १८२६ मध्ये एका मेंढपाळाला इथे खनिज पाण्याचा झरा सापडला आणि गाव आरोग्यस्थान झाले. पाय दुखत असल्यास इथल्या उद्यानात दुपार काढता येते. ज्यांच्या अंगात बळ उरले असेल त्यांनी स्टुपाख गावाची चढण चढून मातियास ग्रुनेवाल्डने रंगवलेली मेरी आणि बाल येशू यांचे चित्र पाहावे. त्या चित्रापुढे मी ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बसलो.

यानंतरचा, लाउडा-क्योनिग्सहोफेनकडे जाणारा भाग हा या मार्गाचा दुबळा दुवा आहे. दरी रुंद होते, बी-२९० हा महामार्ग जवळ येतो, गाड्यांचा आवाज सुटत नाही आणि औद्योगिक वसाहतींच्या कडेने जावे लागते. पाच ताऱ्यांच्या मार्गावर अशा भागाविषयी पूर्वसूचना असायला हवी होती असे मला वाटले. वेळ कमी असणाऱ्यांनी बाड मेर्गेन्टहाइम ते टाउबरबिशोफ्सहाइम हा पट्टा सरळ रेल्वेने पार करावा. याच क्योनिग्सहोफेनजवळ २ जून १५२५ रोजी शेतकऱ्यांच्या उठावातली एक मोठी फौज चिरडली गेली. त्याच उठावात शेतकऱ्यांना सहानुभूती दाखवल्याबद्दल व्युर्त्सबुर्ग शहराच्या नगरपरिषदेत असलेल्या रीमेनश्नायडरला कैद झाली होती. पुढे निक्लासहाउझेन हे गाव लागते. १४७६ मध्ये हान्स ब्योम नावाच्या तरुण मेंढपाळाने तिथे समतेचा उपदेश करून हजारो लोक जमवले होते आणि त्याच वर्षी त्याला जिवंत जाळण्यात आले. या शांत शेतांमधून जाताना ही पार्श्वभूमी ठाऊक असली, तर वाटेवरच्या छोट्या दगडी क्रूसस्तंभांकडेही वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

टाउबरबिशोफ्सहाइम तलवारबाजीसाठी प्रसिद्ध आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फॉइल प्रकारातली तिन्ही पदके इथल्याच खेळाडूंनी जिंकली. ही माहिती सोडली तर तिथे एका मुक्कामापलीकडे काम नाही. त्यानंतरचा सुमारे ३० किलोमीटरचा टप्पा पुन्हा सुंदर आहे. नदी जंगलांतून वळणे घेते, काही चढउतार येतात आणि ब्रोनबाखचा ११५१ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ लागतो. त्याचे अंगण आणि चर्च निवांतपणे पाहावेत.

आता सोयींविषयी. एडीएफसीची ‘बेट+बाइक’ (म्हणजे ‘पलंग आणि सायकल’) ही खूण असलेल्या मुक्कामाच्या घरांत एका रात्रीसाठीही खोली देतात, सायकल कुलूपबंद जागेत ठेवतात, ओले कपडे वाळवायला जागा आणि जुजबी दुरुस्तीची हत्यारे देतात. मला सर्वत्र हे नीट मिळाले. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्यावर पोहोचवणाऱ्या सेवेचा अनुभव संमिश्र होता. मी ठरवलेल्या संस्थेने एकदा पिशवी रात्री जेवणानंतर आणून दिली. औषधे, रेनकोट आणि एक जोड कपडे सायकलवरच ठेवावेत. रविवारी दुकाने बंद असतात, सोमवारी वा मंगळवारी अनेक खानावळी सुट्टी घेतात, आणि लहान गावांत रोख पैसे लागतात.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण विचारावे लागते. ग्र्यूनकेर्न हे या परिसराचे खास धान्य: स्पेल्ट गहू, दाणा कोवळा आणि दुधाळ असतानाच कापून उष्णतेवर वाळवतात. आपल्या हुरड्याशी त्याची वास आणि कल्पना या दोन्ही बाबतींत जवळीक आहे. त्याच्या तळलेल्या टिक्क्या उत्तम लागतात. सूप मात्र बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेले असते, म्हणून मागवण्याआधी स्पष्ट विचारावे. केझश्पेट्स्ले, म्हणजे चीज आणि परतलेला कांदा घातलेले घरगुती शेवयांसारखे पदार्थ, जवळपास सर्वत्र मिळतात आणि पोट चांगले भरते.

वेर्टहाइमला लाल वालुकाश्माच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि जुन्या भिंतींवर पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. काही खुणा माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत. तिथून माइनच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेने आशाफेनबुर्गमार्गे फ्रँकफुर्टला परतता येते, त्यामुळे फ्रँकफुर्ट परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सहल जोडसुट्टीतही जमण्यासारखी आहे. जर्मनीभर चालणाऱ्या मासिक प्रादेशिक तिकिटात सायकलचे भाडे धरलेले नसते. ते वेगळे काढावे लागू शकते, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी डब्यातली सायकलींची जागा लवकर भरते. परतीसाठी शक्य तो सोमवार सकाळ निवडावी.