एजंटला वेब सर्च जोडून काही महिने झाले: शोधणं उत्तम, वाचण्याचं काय?

एजंटसाठी घेतलेल्या वेब सर्च सर्व्हिसचे या महिन्याचे क्रेडिट्स अर्ध्यातच संपले. ते कुठे गेले हे बघायला लॉग उघडला आणि त्यात जे दिसलं, त्यामुळे हा अनुभव लिहितोय. सर्व्हिसचं नाव घेत नाही, कारण हाच दोष मला दुसऱ्या सर्व्हिसच्या ट्रायलमध्येही दिसला. नवख्यांसाठी थोडक्यात: कोडिंग एजंट म्हणजे आपल्यासाठी कोड लिहिणारा एआय, टूल म्हणजे त्याला वापरायला दिलेलं बाहेरचं साधन, आणि एमसीपी म्हणजे अशी साधनं त्याला जोडायची ठरलेली पद्धत.

सर्च जोडावाच का लागतो, त्याला टेलविंडचं (वेबपानांच्या स्टाइलिंगसाठीचं सीएसएस फ्रेमवर्क) उदाहरण पुरेसं आहे. चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, पण एजंटच्या डोक्यात तिसरीच घट्ट बसलेली. नवा प्रोजेक्ट दिला की आधी 'एनपीएक्स टेलविंडसीएसएस इनिट' ही सेटअपची कमांड चालवणार. चौथीत ते चालत नाही, कारण सीएलआय (कमांडने चालणारं टूल) आता वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. एरर आली की पुन्हा इन्स्टॉल, मग कॅशे साफ, मग नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजचं फोल्डर) उडवून परत तीच कमांड. पोस्टसीएसएस या सीएसएसवर प्रक्रिया करणाऱ्या टूलसाठीचा प्लगइनही वेगळा झालाय, आणि सीएसएसमध्ये जुन्या तीन ओळींच्या जागी इम्पोर्टची एकच ओळ लागते. हे सगळं अधिकृत अपग्रेड गाइडमध्ये लिहिलेलं आहे. एजंटला ते पान वाचता यावं, एवढीच माझी गरज.

म्हणून पैसे भरून सर्च एपीआय (एजंटला थेट वेबवर शोधू देणारी सर्व्हिस) घेतला. शोधण्याबद्दल काहीच तक्रार नाही. प्रश्नात आवृत्तीचा आकडा घातला आणि शोध अधिकृत डोमेनपुरता मर्यादित केला की जुने ब्लॉग आपोआप गळतात. सुरुवातीला मी एवढा खूश होतो की ओळखीच्या दोन-तीन डेव्हलपरना हीच सर्व्हिस घ्यायला सांगितलं.

खरी गोची पुढच्या पायरीला आहे. लिंक सापडल्यावर पान आणणाऱ्या टूलचं उत्तर मी लॉगमध्ये जसंच्या तसं पाहिलं. स्टेटस २००, म्हणजे सगळं सुरळीत. आणि मजकूर काय, तर 'हे ॲप चालवण्यासाठी जावास्क्रिप्ट सुरू करा' एवढी एक ओळ. पान ब्राउझरमध्येच तयार होणारं होतं, टूलने नुसतं एचटीएमएल उचललं. काही ठिकाणी तर बॉट-तपासणीचं 'जस्ट अ मोमेंट' हेच पानाचा मजकूर म्हणून पुढे गेलंय. पान मिळालं नाही, हे मी समजू शकतो. साइटवाल्यांनी बॉट अडवणं हा त्यांचा हक्क आहे. अनेक साइट्सना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने तर जुलै २०२५ पासून नव्या डोमेन्सवर एआय क्रॉलर (एआयसाठी पानं गोळा करणारे बॉट) मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. पण मिळालं नाही तर तसं सांगा ना! इथे टूल म्हणतं 'यशस्वी', एजंट त्यावर विश्वास ठेवतो आणि लिहितो, 'अधिकृत डॉक्युमेंटेशननुसार हा पर्याय वापरा.' तो पर्याय अस्तित्वातच नसतो. जुन्या आठवणीतलं उत्तर अधिकृत म्हणून समोर येतं, आणि सर्च नसतानापेक्षा ते जास्त घातक आहे, कारण 'डॉक्युमेंटेशननुसार' वाचल्यावर रिव्ह्यू करणारा माणूस पुन्हा तपासायला जात नाही.

वर या प्रत्येक रिकाम्या पानाचे क्रेडिट कापलेले. सपोर्टला लॉगसकट मेल केली. उत्तर आलं: रिक्वेस्ट पूर्ण झाली आहे, त्यामुळे परतावा मिळणार नाही. कुरिअरवाल्याने रिकामं खोकं हातात देऊन डिलिव्हरीची सही घ्यावी, तसलाच हा प्रकार. परत लिहिलं, तर तेच वाक्य पुन्हा चिकटवून पाठवलं. छोट्या धंद्यात असे पैसे खिशातून जातात, त्यामुळे राग येतोच.

पैसे वाचवायला सर्क्स-एनजी, म्हणजे इतर सर्च इंजिनांचे निकाल एकत्र आणून देणारं सॉफ्टवेअर, स्वतःच्या सर्व्हरवर टाकून पाहिलं. फुकट आहे, चांगलं आहे, फक्त सेटिंग्जमध्ये जेसन (प्रोग्रामला वाचता येणारा) फॉरमॅट स्वतः चालू करावा लागतो, नाहीतर ४०३, म्हणजे नकार मिळतो. एकाच आयपीवरून फार मारा केला की मागची सर्च इंजिनं कॅप्चा दाखवू लागतात. हलक्या कामाला पुरतं.

उपाय शेवटी साधाच निघाला. पान आणणाऱ्या टूलभोवती एक छोटं फंक्शन गुंडाळलं. मजकूर फारच कमी असेल किंवा ती ठरावीक वाक्यं सापडली, तर एजंटला स्पष्ट उत्तर जातं: 'पान वाचता आलं नाही. आठवणीतून उत्तर देऊ नकोस.' यानंतर जे झालं त्याने मी खरोखर चकित झालो. एजंट थांबला, नोड मॉड्यूल्समध्ये शिरला, इन्स्टॉल असलेल्या आवृत्तीची टाइप फाइल (उपलब्ध पर्यायांची यादी असलेली) उघडली आणि तिथून बरोबर पर्याय काढला. वेबची गरजच पडली नाही! माझं मत तिथे बदललं. आता सूचनांच्या फाइलमध्ये क्रमच लिहून ठेवलाय: आधी इन्स्टॉल केलेलं पॅकेज, मग चेंजलॉग (आवृत्तीनुसार बदलांची नोंद), मग वेब.

जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या पानांसाठी प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या टूलचा एमसीपी ठेवलाय. तो स्क्रीनशॉटऐवजी पानाची ॲक्सेसिबिलिटी रचना मजकुरात देतो, त्यामुळे एजंटला बटणं आणि शीर्षकं नेमकी कळतात. मोठ्या पानांवर मात्र टोकन्स (एआय मजकूर मोजतो ते तुकडे) भराभर संपतात, म्हणून तो शेवटचा पर्याय. आणि त्याला कोरं प्रोफाइलच द्या, कुठेही लॉगिन नसलेलं. पानात कोणी एजंटसाठी छुपी सूचना पेरली असेल, तर निदान तुमची खाती त्याच्या हाती लागणार नाहीत.

सध्या मी सगळ्यात स्वस्त प्लॅनवर उतरलोय आणि तो पुरतोय. तुम्ही घेणार असाल तर ट्रायलमध्येच दोन लिंका देऊन बघा: एक जावास्क्रिप्टशिवाय न उघडणारी आणि एक अस्तित्वात नसलेली. दोन्हींना 'यशस्वी' म्हणून क्रेडिट कापले, तर कार्डाचा नंबर टाकू नका.