मेसोमार्क किट: अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांवर लक्ष ठेवायला कितपत उपयोगी?

फुजिरेबिओ कंपनीचं मेसोमार्क हे किट रक्तातलं एसएमआरपी मोजतं. एसएमआरपी म्हणजे मेसोथेलिन या प्रथिनाचे रक्तात उतरलेले तुकडे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या कर्करोगात, मेसोथेलिओमात, त्यांचं प्रमाण अनेकदा वाढतं. मोजमापाचं साधन म्हणून किट चोख आहे. प्रश्न येतो तो त्यात कोणाचं रक्त घालायचं, इथे.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) जानेवारी २००७ मध्ये त्याला मान्यता दिली ती मर्यादित स्वरूपाची. दुर्मिळ आजारांसाठीच्या सवलतीच्या या मार्गात उपकरणाची परिणामकारकता पूर्ण सिद्ध करावी लागत नाही. उद्देशही नेमका आहे: एपिथेलिऑइड किंवा मिश्र प्रकारच्या (हे प्रकार पेशींच्या ठेवणीवरून पडतात, तिसरा सार्कोमॅटॉइड) मेसोथेलिओमाचं निदान आधीच झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला मदत. धडधाकट कामगारांतून रोगी शोधून काढणं त्यात बसत नाही. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत ही चाचणी घालण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर आधी किटसोबतच्या पत्रकातला उद्देशाचा परिच्छेद त्याच्यासमोर ठेवावा.

लॅबच्या बाजूने पाहिलं तर हा साधा सँडविच एलायझा आहे, म्हणजे अँटिबॉडी आणि रंग वापरून प्रथिन मोजण्याची पद्धत. ओव्ही५६९ आणि ४एच३ या दोन अँटिबॉडींच्या चिमटीत प्रथिन पकडलं जातं, रंग उमटतो आणि तो ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. कॅलिब्रेटर, म्हणजे ज्ञात प्रमाणाचे तुलनेचे नमुने, ० ते ३२ नॅनोमोलर. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) सुमारे शंभरपट पातळ करायचं, म्हणजे १ मिलिलिटर द्रावणात जेमतेम १० मायक्रोलिटर. बहुतेक चुका इथेच होतात. पिपेटच्या टोकाला बाहेरून सीरम चिकटून १० ऐवजी ११ गेलं की निकाल दहा टक्क्यांनी फुगतो. एकदाच तपासायचं असेल तर हे खपून जातं. पण त्याच माणसाची सहा महिन्यांपूर्वीची आणि आजची पातळी ताडायची असेल तर हाच फरक ‘वाढ’ म्हणून वाचला जातो. पिपेटचं कॅलिब्रेशन वेळेवर करावं, टोक पुसून घ्यावं, प्रत्येक नमुना प्लेटवरच्या दोन वेलमध्ये (खळग्यांत) लावावा आणि दोन्ही उत्तरांत १५ टक्क्यांहून जास्त तफावत आली तर नमुना पुन्हा लावावा.

धुलाई अपुरी झाली की सगळी प्लेट पिवळी पडते. एसी नसलेल्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात, कडेच्या वेल मधल्यांपेक्षा गडद येतात. तेव्हा प्लेट झाकून ठेवावी आणि अभिकर्मक (किटमधली रसायनं) फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच वापरावेत. ३२ च्या वर गेलेला नमुना अंदाजाने लिहून मोकळं न होता आणखी पातळ करून लावावा.

खर्चाचा हिशोबही पाहावा. सहा कॅलिब्रेटर आणि दोन कंट्रोल (पडताळणीचे नमुने), प्रत्येकी दोन वेल, म्हणजे ९६ पैकी १६ वेल रुग्णाआधीच गेले. उरलेल्या ८० मध्ये ४० जण बसतात. आठवड्याला चार-पाच नमुने येणाऱ्या लॅबने प्लेट उघडणं म्हणजे पैसे पाण्यात. सीरम वेगळं करून छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर साठवावं आणि तुकडी भरली की लावावं. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवून वापरू नये.

आता कामगारांच्या देखरेखीकडे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांतली रुग्णवार माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणात, ९५ टक्के विशिष्टता धरली (म्हणजे शंभर निरोगींपैकी ९५ जणांना चाचणी बरोबर निरोगी ठरवते) तर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या एपिथेलिऑइड आणि मिश्र रुग्णांपैकी फक्त ३२ टक्के पकडले गेले. हे आकडे एका कारखान्यावर बसवून पाहा. हजार माजी कामगार आहेत आणि त्यांत या वर्षी एकाला मेसोथेलिओमा आहे असं धरू. चाचणी सुमारे ५० निरोगी माणसांना ‘जास्त’ ठरवेल आणि तो एक सापडण्याची शक्यता तिनात एक. त्या ५० जणांचे सीटी स्कॅन, कोणाच्या छातीत सुई, घरात महिनाभर घालमेल. लवकर सापडल्याने आयुष्य वाढतं हे मेसोथेलिओमात सिद्धही झालेलं नाही. सार्कोमॅटॉइड प्रकारात तर मेसोथेलिन बहुधा तयारच होत नाही, त्यामुळे तो प्रकार या चाचणीला दिसतच नाही.

निकाल फुगवणारी सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे मूत्रपिंड. हे तुकडे मूत्रपिंडातून बाहेर पडतात. गाळण्याचं काम मंदावलं की रक्तातलं प्रमाण वाढतं. वयानेही वाढतं. आपल्याकडचा सत्तरीतला, मधुमेह आणि रक्तदाब असलेला माजी कामगार म्हणजे दोन्ही कारणं एकाच माणसात. म्हणून त्याच रक्तात क्रिएटिनिन करून ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) काढल्याशिवाय एसएमआरपीचा अहवाल देऊ नये. अंडाशय आणि स्वादुपिंडाचा कर्करोग, फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा यांतही ते वाढतं, हेही अहवालात लिहावं. सरसकट एकच सीमारेषाही नाही: काही ठिकाणी १.५ नॅनोमोलर वापरतात, काही ठिकाणी २.५. कुठली वापरली हे न सांगणारा अहवाल निरुपयोगी.

मेसोथेलिनऐवजी रक्तातली दुसरी प्रथिनं मोजण्याचे पर्याय काय? ऑस्टिओपाँटिन २००५ मध्ये गाजलं. ते सीरममध्ये मोजू नये: रक्त गोठताना थ्रॉम्बिन त्याचे तुकडे करतं, म्हणून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतला प्लाझ्माच हवा. शिवाय ते इतर अनेक आजारांतही वाढतं. २०१२ मध्ये फिब्युलिन-३ ने ५२.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या सीमेला ९६.७ टक्के संवेदनशीलता दाखवली, म्हणजे तितके टक्के रुग्ण पकडले. नंतर इतर संघांना तो आकडा गाठता आला नाही. इतका चकचकीत पहिला निकाल पाहिला की दुसऱ्या लॅबचा येईपर्यंत थांबावं. कॅलरेटिनिन आणि मेसोथेलिनची जोडी जास्त भरवशाची वाटते. जर्मनीतल्या बोखुम इथल्या संस्थेच्या अभ्यासात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे आधीच सौम्य विकार झालेल्या २,७६९ जणांचं रक्त दरवर्षी घेतलं गेलं. २०१८ मध्ये आलेल्या निकालानुसार निदानाआधीच्या वर्षभरात ९८ टक्के विशिष्टतेला ४६ टक्के रुग्ण पकडले गेले. तिथेही निम्म्याहून जास्त सुटलेच.

तेव्हा खरेदीचा सल्ला असा. मेसोथेलिओमाचे रुग्ण नियमित येणाऱ्या कर्करोग रुग्णालयाने किट जरूर घ्यावं. उपचाराआधीची पातळी मुळात चढी असेल तर केमोथेरपीनंतरचा उतार आणि पुढचा चढ सीटीच्या जोडीने वाचता येतो. मुळातच कमी असेल तर दर भेटीला रक्त काढण्यात अर्थ नाही. लॅब, पद्धत आणि किट मध्येच बदलू नयेत. लॉट (किटची उत्पादन तुकडी) बदलला की साठवलेले दहा-बारा जुने नमुने दोन्ही लॉटवर लावून ताडावेत.

मुंबईतले ब्रेक लायनिंग आणि सिमेंट पत्र्यांचे जुने कारखाने किंवा दारुखान्याची जहाजतोडणी इथल्या कामगारांची देखरेख करणाऱ्या डॉक्टरांनी तेच पैसे आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) पद्धतीने वाचलेल्या छातीच्या एक्स-रेवर, नीट केलेल्या स्पायरोमेट्रीवर (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्यावर) आणि तंबाखू सोडवण्यावर घालावेत. विडी-सिगारेट आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी चढतो. कायद्याने बांधलेलं कामही आधी पाहावं: सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९९५ च्या निकालानुसार प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपायची आहे. मेसोथेलिओमा उघड व्हायला २० ते ५० वर्षं लागतात. नोंदीत कोणत्या खात्यात, किती वर्षं, कोरडं काम की ओलं, हे तपशील हवेत. नुसत्या ‘फिट’ शिक्क्यावरून भरपाईचा दावा उभा राहत नाही.