साताऱ्यात चालणं: जुनी पेठ बरी की हायवेकडची कॉलनी?

मंगळवार किंवा शनिवार पेठेत चालण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. किराणा, गिरणी, भाजी, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. त्यात गाव अजिंक्यताऱ्याच्या उताराला, म्हणजे चढ आयताच. पिशवी घेऊन चढताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप म्हणजे मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना असा आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते; रोजची 22 मिनिटं झाली. पेठेत ती कामाकामांत भरतात.

अडतं ते फुटपाथवर. चालायला मोकळी रुंदी निदान 1.8 मीटर आणि कडेची उंची फार तर 15 सेंटिमीटर हवी. प्रत्यक्षात मध्येच दुचाकी उभी, गटारावरची फरशी डुगडुगते, आणि आजी रस्त्यावर उतरते. गुडघे दुखत असतील तर उभ्या चढाने जा, उतरताना लांबचा सौम्य रस्ता घ्या. गुडघ्यांवर ताण उतरतानाच जास्त येतो.

कॉलनीत रस्ते रुंद, हवा मोकळी, मुलांना सायकल शिकवायला उत्तम. पण दूध आणायलाही गाडी काढावी लागते, आणि अंधार पडला की कुत्र्यांमुळे बायका बाहेर पडत नाहीत. तिथे आतला 500 मीटरचा फेरा मोजून ठेवा: सहा फेरे, 3 किलोमीटर, साधारण 36 मिनिटं. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चाला.

घरात म्हातारं माणूस असेल तर आम्ही पेठच सुचवू.