बारा पाहुणे: एकाच संध्याकाळी की दोन खेपांत?

घर लहान आणि बोलवायची माणसं बारा. सगळ्यांना एकदम बोलवावं, की सहा-सहा करून दोनदा?

एकदम बोलावलं की आवराआवर एकदाच, भांडी एकदाच, आणि 'आम्हाला का नाही बोलावलं?' हा प्रश्नच उरत नाही. पण खोलीचाही हिशेब असतो. निवांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो, म्हणजे बारा जण हे बाराशे वॅटचा हीटर लावल्यासारखेच. पाहुणे येण्याआधीच समोरासमोरच्या खिडक्या उघडून ठेवा. घाम फुटल्यावर उघडून फारसा उपयोग नाही. आवाजाचंही तसंच. शेजारचा मोठ्याने बोलला की आपणही नकळत आवाज चढवतो. या सवयीला 1911 मध्ये वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून 'लोंबार्ड परिणाम' म्हणतात. तासाभरात घराचा बाजार होतो.

सहा जण असले की सगळे बसू शकतात आणि गप्पा बहुधा एकच राहतात. यजमानालाही त्यात भाग घेता येतो, जे बारा जणांत मला आजवर जमलेलं नाही. मेहनत मात्र दुप्पट, आणि दुसऱ्या खेपेला उत्साह थोडा ओसरलेला असतो, हे कबूल. लागोपाठचे दोन दिवस निवडले तर हलवलेलं फर्निचर तसंच ठेवता येतं.

वाढदिवसासारखं निमित्त असेल तर एकदमच बोलवा, खुर्च्या काढून टाका आणि वेळ दोन तासांची सांगा. नुसतं भेटायचं असेल तर मी दोन खेपाच निवडेन.