ट्रॅकर एजंटच्या हाती देऊन सात महिने, आणि तो ३०चा आकडा

गेल्या सोमवारी सकाळी आमचा कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला विचारलं, ट्रॅकरमध्ये, म्हणजे तक्रारी आणि कामांच्या यादीत, उघडे इश्यू किती? म्हणाला, ३०. पंधरा दिवसांपूर्वीही ३०च सांगितले होते, त्याआधीही ३०. मी आपला खूश, जेवढं येतंय तेवढं निपटतंय म्हणून. मग दुसऱ्याच कशासाठी तरी ब्राउझरमध्ये ट्रॅकर उघडला तर ८७.

आम्ही तिघंजण दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. ट्रॅकर आमच्याच सर्व्हरवर, फुकटातला, कमांड लाइनवरून चालणारा. नाव देत नाही, कारण चूक त्याची कमी आणि माझी जास्त. काही न सांगता यादी मागितली की पहिल्या ३० नोंदी द्यायच्या ही पद्धत त्याच्या एकट्याची नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या 'जीएच' कमांडमध्येही 'इश्यू लिस्ट' नुसतं चालवलं तर ३०च येतात, तेही फक्त उघडे. हेल्पमध्ये तसं लिहिलेलं आहे. माणूस यादी तिशीला संपलेली बघून चपापतो, खाली अजून असतील म्हणतो. एजंट जे आलं ते मोजतो आणि छातीठोकपणे सांगतो.

ट्रॅकर कसा वापरायचा हे एजंटसाठी लिहून काढायचं काम माझ्याकडेच होतं. पहिल्या महिन्यात उत्साहात अकरा पानं लिहिली, 'एजंट्स डॉट एमडी' फाइलमध्ये, आणि अस्सल मराठीत. प्रत्येक कमांड, प्रत्येक फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय), वर ट्रॅकरचा इतिहाससुद्धा. ही फाइल दर सेशनच्या सुरुवातीला वाचली जाते आणि तिचे टोकन, म्हणजे एआय मजकूर मोजतो ते तुकडे, आपल्याच बिलात लागतात हे महिनाअखेरीस कळलं. नमनालाच घडाभर तेल. त्यात देवनागरीला त्याच मजकुराच्या इंग्रजीपेक्षा बरेच जास्त टोकन पडतात. मातृभाषेचा अभिमान बिलापर्यंतच टिकला. फाइल इंग्रजीत केली, इश्यूंची शीर्षकं तेवढी मराठीत ठेवली, आणि अकरा पानांच्या ४० ओळी केल्या.

त्या कापाकापीत यादीच्या मर्यादेची ओळ मीच उडवली. हेल्पमध्ये आहेच की, पुन्हा कशाला? एका ओळीचे टोकन वाचवले आणि सोमवार, मंगळवार दोन्ही घालवले. यादी नव्यापासून जुन्याकडे येते, म्हणून खालचे ५७ इश्यू एजंटच्या लेखी नव्हतेच. नवीन तक्रार आली की तो आधी यादी बघायचा, सापडली नाही की नवा इश्यू उघडायचा. असे चौदा डुप्लिकेट निघाले. सगळ्यात तळाला होता 'गाय दूध: ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या खाली गेलं की कपात दोनदा लागते'. (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक.) म्हणजे शेतकऱ्याचे पैसे. हा मार्चपासून पडून.

इथपर्यंत या सगळ्या व्यवस्थेला मी पाचपैकी दोन तारेही दिले नसते. मत बदललं ते बुधवारी.

फाइलमध्ये ती ओळ परत घालायची की नाही यावर माझा कंजूष जीव अडला. शेवटी ट्रॅकरच्या कमांडभोवती एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. यादी अपुरी असेल तर शेवटी एवढंच छापायचं: '८७पैकी ३० दाखवले. सगळे हवे असतील तर लिमिट ० द्या.' फाइलला हात लावला नाही. तोच प्रश्न विचारला. एजंटनं शेवटची ओळ वाचली, कोणी न सांगता कमांड पुन्हा चालवली आणि ८७ सांगितले. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. मग इश्यूची चुकीची स्थिती दिली की 'अवैध मूल्य' असं खेकसण्याऐवजी चालणाऱ्या पाचही स्थितींची नावं छापायला लावली. त्यामुळे फाइलमधल्या सहा ओळी आणखी गेल्या. जी माहिती चूक झाल्यावरच लागते तिचं भाडं दर सेशनला कशाला भरायचं?

पण सगळंच तसं जमत नाही. कमिटमध्ये, म्हणजे कोडमधला बदल नोंदवताना लिहितो त्या टिपणीत, 'फिक्सेस' आणि पुढे इश्यूचा नंबर लिहिला की तो बदल कोडच्या मुख्य शाखेत जाताच इश्यू बंद होतो. गिटहबवरही हे असंच चालतं. इश्यू बंद झाला की आमच्याकडून ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो. एजंटला 'फिक्सेस' हा शब्द भारी प्रिय. एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला, "सायेब, झालं म्हणून मेसेज आलाय, पण बिल तसंच दाखवतंय की. उद्या दहा दिवसांचं बिल वाटायचंय." कोड मुख्य शाखेत होता, त्यांच्या संगणकावर पोचायचा होता.

फाइल उघडली तर मी लिहिलं होतं, 'इश्यू शक्यतो बंद करू नये.' इंग्रजीत केलं तेव्हा ते 'शक्यतो'ही इमानदारीत भाषांतर करून ठेवलेलं. आपल्याकडे शक्यतो म्हणजे करूच नकोस बाबा. एजंटला वाटलं, शक्य असेल तसं बघू. आता ओळ अशी आहे: इश्यू बंद करू नको, कमिटमध्ये 'फिक्सेस' लिहू नको, काम झालं की स्थिती 'तपासायचं' कर, कोणती चाचणी चालवली आणि काय निकाल आला ते टिपणीत लिही. तेव्हापासून एकही इश्यू परस्पर बंद झालेला नाही. या ओळीचे टोकन मी आनंदानं भरतो.

भागीदाराचं मध्येच टुमणं होतं की स्टीव्ह येगे यांचं 'बीड्स' घेऊ. २०२५मध्ये आलेला हा ट्रॅकर एजंटसाठीच बनवलाय, नोंदी सुरुवातीला कोडसोबत गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) राहायच्या, आणि 'रेडी' म्हटलं की कशावर अडलेली नाहीत तेवढीच कामं समोर येतात. कल्पना आवडली, ती आमच्या स्क्रिप्टमध्ये उचलली. ट्रॅकर बदलला नाही, कारण केंद्रांवर फिरणारी आमची मुलं मोबाइलच्या ब्राउझरमधून इश्यू टाकतात आणि त्यांना गिट शिकवायची माझ्यात ताकद नाही.

सध्या फाइल ३७ ओळींची आहे. कपातीचा तो इश्यू सुटला, सचिवांना मी स्वतः फोन करून सांगितलं. चौदा डुप्लिकेट मात्र हातानं जोडत बसलोय, नऊ झाले. ते काम एजंटला दिलेलं नाही.