मिरर बॉल ‘सेफ्टीसह’: बिलात एक, ट्रसवर भलतंच

कोटेशनमधली ओळ अशी होती: ‘20 इंची मिरर बॉल, मोटर, सेफ्टीसह, 4 नग’. गरब्याचं काम, निम्मे पैसे आगाऊ. आरशाच्या तुकड्यांचे हे फिरते गोळे ट्रसवर, म्हणजे दिवे टांगायच्या पाइपांच्या सांगाड्यावर, लावायचे होते. सेफ्टी म्हणजे मुख्य आधार निसटला तरी वस्तू खाली पडू न देणारी जादा तार. माल उतरला तेव्हा प्रत्येक बॉलला प्लॅस्टिकचं आवरण असलेली चकचकीत तार होती. खालून बघणाऱ्याला ती सेफ्टीच वाटावी. पण ती मोटरच्या त्याच हुकात अडकवलेली होती, ज्याला बॉलची साखळी लटकते. हुक निसटला की साखळी आणि सेफ्टी दोन्ही एकदम खाली.

ब्लेडने आवरण सोललं, तर आत कपडे वाळत घालायची गंजकी तार. टोकाची अ‍ॅल्युमिनियमची नळी पक्कडीने चेपलेली. एक टोक पायाखाली धरून दुसरं ओढलं, तर तार नळीतून सरळ बाहेर आली! आवरणवाली वायर म्हणूनच घेऊ नये; तुटलेले धागे आणि गंज त्यात दिसत नाहीत.

बॉलला वर दोन स्वतंत्र कड्या हव्यात, एक साखळीला आणि दुसरी सेफ्टीला. सेफ्टीचं वरचं टोक शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, नको. मोटरच्या बॉडीवर वेगळ्या बेअरिंगवर फिरणारी पट्टी असते, तिथे जायला हवं. ती नसेल तर बॉल फिरेल तसा वायरला पीळ पडतो आणि मग ‘अडकते’ म्हणून कामगारच ती सोडून ठेवतात. मोटरची स्वतःची सेफ्टी ट्रसच्या पाइपला, तीही वेगळी.

मोटरींवरचे स्टिकर खरवडलेले होते. दुकानाच्या शोकेसमध्ये हलका डिस्प्ले फिरवायची मोटर 5-6 किलोच्या बॉलला देतात. सगळं वजन तोललं जातं ते शाफ्टवरच्या एका क्लिपवर. शिवाय साधी सिंक्रोनस मोटर (विजेच्या फ्रिक्वेन्सीनुसार ठरावीक वेगाने फिरणारी) सुरू होताना कुठल्या दिशेने फिरेल याचा नेम नसतो. उलटी फिरली आणि हुक नुसत्या आट्यांवर असला, तर तो हळूहळू सुटत जातो. हुक सुटू न देणारे लॉकनट आणि स्प्लिट पिन, दोन्ही बघा.

त्याच ट्रसवरच्या शार्प्यांचीही, म्हणजे डोकं फिरवत झोत टाकणाऱ्या दिव्यांचीही, तीच गत. दिवा पाइपला धरणारा क्लॅम्प 48 ते 51 मिमीचा आणि पाइप सव्वा इंची, म्हणजे बाहेरून 42 मिमी. नट कितीही आवळा, पकड बसत नाही, आणि डोकं झटक्याने फिरून थांबलं की क्लॅम्प पाइपवर सरकतो. व्हर्नियर (व्यास मोजायचं माप) लावला की मिनिटात कळतं.

उरलेले पैसे अडवले तर ‘तार तर दिली ना’ हे उत्तर ठरलेलं. ‘सेफ्टीसह’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते खोडता येत नाही. म्हणून कोटेशनमध्ये लिहून घ्या: मोटरची क्षमता किलोत, बॉलचं वजन, सेफ्टी वायरची जाडी आणि भारक्षमता, वायर कुठून कुठे बांधणार, पाइपचा बाहेरचा व्यास. आणि बाकी रक्कम ट्रस वर चढवण्याआधी, माल जमिनीवर असतानाच तपासून झाल्यावर द्यायची, हेही त्याच कागदावर.