आठ महिने, तीन वाचनं: वेगळं राहायला निघालेल्या नवराबायकोची प्रेमकथा

ही कादंबरी पहिल्यांदा दोन रात्रींत संपवली आणि लगेच मत ठरवून टाकलं: सुंदर आहे, पण नायकावर अन्याय झालाय. त्याला आठ महिने झाले. त्यानंतर ती आणखी दोनदा पूर्ण वाचली, एकदा ऑडिओवर ऐकली, आणि ते पहिलं मत आता उरलेलं नाही. शेवटाबद्दल बोलायचंय आणि न वाचलेल्यांचा रस जाऊ नये, म्हणून नाव घेत नाही.

गोष्ट साधी आहे. लग्नाला १२ वर्षं, ९ वर्षांची मुलगी. तिसरं माणूस नाही, मारझोड नाही, फसवणूक नाही. एका रात्री बायको म्हणते, मला सहा महिने वेगळं राहायचंय. तो विचारतो, "माझं काय चुकलं?" ती म्हणते, "हेच सांगून सांगून दमले." पुढची कादंबरी म्हणजे ते सहा महिने.

विरहाच्या गोष्टींत विरह बहुधा बाहेरून येतो. मेघदूतातल्या यक्षाला वर्षभराचा शाप असतो आणि उरलेले चार महिने डोळे मिटून काढ, असा निरोप तो ढगाबरोबर धाडतो. त्या दोघांच्या मनात एकमेकांबद्दल किंतु नसतो. इथे अडथळा मनातच आहे. संस्कृत काव्यशास्त्रात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातल्या प्रेमाचे, पूर्वराग, मान, प्रवास, करुण असे प्रकार सांगतात, त्यातला हा 'मान', म्हणजे रुसवा. साहित्यदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथात विरहाबद्दल एक सुरेख उपमा आहे: कापड आधी तुरट काढ्यात बुडवलं की त्यावर रंग जास्त चढतो, तसा विरहाशिवाय मीलनाला भर येत नाही. पहिल्या वाचनात मला सगळी कादंबरी या उपमेचाच विस्तार वाटली होती. आता वाटत नाही. नुसत्या दुराव्याने इथे काहीच रंगत नाही, पहिल्या दोन महिन्यांत तर दोघं आणखी कोरडे होतात. जे घडतं ते दारात घडतं.

मुलगी शनिवार-रविवार बापाकडे असते. तिला सोडायला आणि न्यायला दोघं समोरासमोर येतात, दोन-तीन मिनिटं, उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे. असे तेरा-चौदा प्रसंग आहेत आणि खरी प्रेमकथा तेवढ्यातच आहे. सुरुवातीला दप्तराची नुसती देवाणघेवाण. मग एकदा ती बजावते, हिला रात्री औषध द्यायचंय, आणि किती द्यायचं ते त्याला माहीत नसतं. बारा वर्षांच्या संसारानंतर माहीत नसतं. ती रागावत नाही, चिठ्ठीवर लिहून देते. बऱ्याच पानांनंतर मुलीच्या दप्तरातून एक चिठ्ठी निघते, औषधाच्या वेळा लिहिलेली, आणि अक्षर त्याचं असतं. लेखिका त्यावर एक शब्द बोलत नाही. मला हे पहिल्या दोन्ही वाचनांत दिसलंच नव्हतं. तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

कारण तो नायक म्हणजे मी आहे. भांडण पेटलं की तो मूग गिळून बसतो. आवाज चढवत नाही, दार आपटत नाही, आणि स्वतःला समंजस समजतो. मीही समजत होतो. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून नातं पोखरणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या: बोचरी टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव, आणि समोरच्यापुढे भिंत होऊन बसणं. चौथी वाचली होती, पण ती कुणा दुसऱ्याची वाटली होती. कादंबरीत नायिका म्हणते की मी बारा वर्षं एकटीच भांडत होते, तेव्हा ती माझी झाली. त्या रात्री बायकोला विचारलं, "तुलाही असंच वाटतं का?" ती म्हणाली, "अरे, तू ऐकून घेतोस. पण उत्तर कुठे देतोस?" आता उत्तर देतो. चुकतमाकत देतो, कधी तासाभराने देतो, पण देतो. पुस्तकाचा याहून मोठा उपयोग मला मोजता येत नाही.

ऑडिओबद्दल थोडक्यात: एकाच आवाजात दोघांचे संवाद नीट वेगळे ओळखू येतात, पण वेग वाढवून ऐकू नका. दारातल्या प्रसंगांत दोन वाक्यांमधली शांतताच महत्त्वाची आहे आणि तीच घाईत चिरडली जाते.

आता खटकलेलं. पहिल्यांदा शेवटाला माझे डोळे भरून आले होते, तोच शेवट दर वाचनात जास्त सलतो. शेवटच्या चाळीसेक पानांत मुलगी गंभीर आजारी पडते, दोघं रुग्णालयात रात्र काढतात आणि सकाळी एकत्र घरी येतात. प्रेमकादंबरीचा शेवट आशेचा असावा, हा संकेत मला मनापासून मान्य आहे. पण तो या दोघांनी कमावलेला होता, चिठ्ठीपर्यंत येऊन पोचले होते ते. मग आजारपण कशाला? नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या १८७९ च्या नाटकात नायिका नोरा नवरा-मुलांना सोडून घराबाहेर पडते. जर्मनीतल्या प्रयोगासाठी मात्र इब्सेनला नाइलाजाने दुसरा शेवट लिहावा लागला, ज्यात झोपलेल्या मुलांच्या दारापाशी तिचा निर्धार ढासळतो. मुलाला मध्ये घालून आईबापांचा प्रश्न सोडवण्याची ही युक्ती जुनी आहे, आणि इतक्या प्रामाणिक लेखिकेला तिची गरज नव्हती. दोन घरांचा खर्च कोण कसा भागवतं, यावरही कादंबरी गप्प आहे.

ज्यांच्या घरी खरोखर असा काळ चालू आहे त्यांनी वाचावी का? वाचावी, पण मधला भाग सावकाश वाचावा. मुदत किती, बोलायचं कधी, मुलीचे दिवस कुणाकडे, या काळात दुसऱ्या कुणाशी नातं नाही, हे दोघं आधी बसून ठरवतात. ते प्रकरण रूक्ष वाटतं, पण पुढचे सहा महिने त्याच्याच आधाराने निभतात. आणि जिथे नवऱ्याची किंवा बायकोची भीती वाटते, हात उगारला जातो, तिथे ही कादंबरी लागू करू नका. हिच्यातलं थांबणं आणि वाट पाहणं दोन सुरक्षित माणसांचं आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या रुग्णालयासाठी. प्रत सध्या बायकोकडे आहे. ती पेन्सिलने खुणा करत वाचतेय आणि परवा सहज चाळली तेव्हा दिसलं, औषधाच्या चिठ्ठीपाशी तिने काहीच खूण केलेली नाही. तिने केलीय त्याच्या बऱ्याच आधी, जिथे तो पहिल्यांदा दारातून लगेच परत न फिरता क्षणभर थांबतो.